जिताड्यासाठी ल्युअर घेताय? आधी पाणी किती ते सांगा

दुकानात आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "दादा, जिताड्याला कुठला कलर चालतो?" आणि आम्ही उलट विचारतो की टाकणार कुठे, तिथे पाणी किती आणि जाणार भरतीला की सुकतीला. काही जण वैतागतात, पहाटे पुण्याहून गाडी काढून आलेले असतात, घाई असते, कळतं आम्हाला. पण हे विचारल्याशिवाय आम्ही ल्युअर (गळ लावलेला खोटा मासा) देत नाही, आणि का देत नाही ते एकदा लिहूनच टाकावं म्हणून हा कागद.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते खोल जाणारा ल्युअर उथळ पाण्यात टाकून. मागच्या हिवाळ्यात एक गिऱ्हाईक सकाळी चार ल्युअर घेऊन कुंडलिका नदीवर गेले आणि अकराच्या आत परत दुकानात, तीन गेले, चौथा हातात. म्हणाले तुमचा दोरा खराब आहे. मी तो चौथा उजेडात धरून दाखवला, पुढच्या प्लास्टिकच्या जिभेची कड कालवांवर घासून पांढरी पडलेली आणि पोटाखालच्या गळाचं एक टोक वाकलेलं. ल्युअर तीन मीटर जाणारा आणि सुकतीला त्या जागी पाणी जेमतेम कमरेएवढं. दोरा काय करणार त्याला?

आपल्या रायगडात उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास) पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. सकाळी जिथे दोन पुरुष पाणी तिथेच दुपारी गुडघाभर. अष्टमीच्या आगेमागे भांगाचं पाणी असतं तेव्हा फरक बराच कमी. म्हणजे जागा तीच, दिवस तोच, पण ल्युअर दोन लागतात, आणि हे काही आम्ही दोन विकावेत म्हणून सांगत नाही, एकच घ्यायचा असेल तर उथळ चालणारा घ्या, एक मीटरच्या आतला, तो खोल पाण्यातसुद्धा कधीतरी मासा देतो पण खोलवाला उथळ पाण्यात फक्त अडकतो.

ओळखायचं सोपं आहे. जीभ आखूड आणि खाली वळलेली असेल तर ल्युअर वरवर चालतो, लांब आणि सरळ पुढे आलेली असेल तर खोल जातो. पाकिटावर मीटर छापलेले असतात ते वाचा. पाकिटावरचा एफ म्हणजे तरंगणारा, एस म्हणजे बुडणारा, एसपी म्हणजे थांबवला की आहे तिथेच राहणारा. नवीन माणसाने एफ घ्यावा. दगडाला लागल्यासारखं वाटलं की गुंडाळणं थांबवा, दोरा ढिला सोडा, बहुतेक वेळा तो आपोआप वर येतो. लोक इथेच चुकतात, अडकला वाटलं की जोरात झटका देतात आणि गळ कालवात आणखी रुततो.

जिताडा (सिंधुदुर्ग-गोव्याकडची मंडळी चोणक म्हणतात तो) पाठलाग करत फिरणारा मासा नाही. पुलाच्या खांबाची सावली, तिवरांची मुळं, खारबांधाच्या उघाडीचं (पाणी सोडायच्या झडपेचं) तोंड, अशा जागी दबा धरून बसतो आणि सुकतीच्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक बोईट बाहेर यायला लागली की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. रात्री शांत असेल तर तो 'टॉप्' आवाज काठावर ऐकू येतो. ल्युअर त्याच्या तोंडाच्या जरासा वरून, हळू, मध्ये थांबत जायला हवा. खोल डोहासाठी मात्र रबरचा मासा आणि दहा-चौदा ग्रॅमचं जिग हेड (वजनदार डोक्याचा गळ) बरं. पाण्यात पडल्यापासून दोरा ढिला पडेपर्यंत आकडे मोजा, सहा आले तर पुढच्या वेळी चारलाच गुंडाळायला लागा, तळाच्या थोडं वर चालेल.

कलरचं एवढंच, पाणी स्वच्छ तर चंदेरी, गढूळ तर सोनेरी किंवा लाल डोक्याचा पांढरा. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ साली पहिला ल्युअर बुचाच्या लाकडाचा कोरला आणि वर चॉकलेटची चांदी गुंडाळली. मासे लागले ते जखमी माशासारखी डुलकी होती म्हणून.

ती डुलकी स्टीलची तार आणि मोठं स्विव्हल (फिरती कडी) लावलं की मरते, आणि मग ल्युअर "हलत नाही" म्हणून परत आणतात. जिताड्याला तार लागत नाही, कापणारे दात नसतात त्याला. कापते ती कल्ल्याच्या झाकणाची धारदार कड, त्यासाठी चाळीस-पन्नास पौंडाचा लीडर (ल्युअरच्या आधीचा जाड दोरा) दोन-अडीच फूट पुरतो, आणि ल्युअरला सैल फासाची गाठ किंवा बारीक स्नॅप (उघडझाप होणारी कडी). गाठ येत नसेल तर दुकानात बांधून दाखवतो, त्याचे पैसे नाहीत.

पाण्यात जाऊन आलेला ल्युअर आम्ही परत घेत नाही, यावरून वाद होतात. म्हणूनच देण्याआधी प्रत्येक ल्युअर मागच्या हौदात तुमच्यासमोर ओढून दाखवतो, एका बाजूला पळत असेल तर पुढची कडी पक्कडीने उलट बाजूला किंचित वाकवून सरळ करून देतो. ऑनलाइन थोडा स्वस्त मिळतो, मान्य, पण तिथे हौद नाही. बाहेरून घेतलेला असला तरी आणा, बघून देऊ. गळ मात्र बदलून घ्या, पातळ गळ मोठा मासा सरळ करून निघून जातो, बदलायचे पैसे फक्त गळांचे घेतो.

आणि येण्याआधी एकदा पूर्ण सुकतीला तुमच्या जागी जाऊन मोबाईलवर फोटो काढून आणा, कालवं कुठे, खुंट कुठे, खड्डा कुठे. पायात जाड बूट घालूनच उतरा, कालवांनी तळवा फाटतो. फोटो बघितला की पाच मिनिटात ल्युअर निवडून देतो. अमावस्या-पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी गर्दी असते, हौदात दाखवायला वेळ मिळत नाही, जमलं तर दोन दिवस आधी या.