घासण्याला मिळालेलं फुकटचं श्रेय

थंडी पडली की दोन गोष्टी हमखास सुरू होतात. पुण्या-नागपूरकडे गाडीच्या दाराला हात लावला की टचकन झटका बसतो, आणि व्हॉट्सॲपवर ‘शरीरात साठलेली वीज’ बाहेर काढायचे उपाय फिरायला लागतात: अनवाणी गवतावर चाला, तांब्याचं कडं घाला, ‘अर्थिंग’ची चादर घ्या. उपायांकडे नंतर येऊ. ही वीज येते कुठून, याचं उत्तर मात्र आपल्याला शाळेपासून पाठ असतं: घर्षणाने. एबोनाइटची (कडक रबराची) कांडी लोकरीवर घासा, काचेची रेशमावर घासा, झाला प्रभार तयार.

या उत्तरात दोन गडबडी आहेत. पहिली चटकन मिटते. प्रभार तयार वगैरे काही होत नाही, तो इकडचा तिकडे जातो. कांडी जेवढी ऋण झाली तेवढीच लोकर धन झाली, बेरीज शून्यच. बेंजामिन फ्रँकलिनने हे १७४७ च्या सुमारास ओळखलं होतं, इलेक्ट्रॉनचा शोध लागायच्या दीडशे वर्षं आधी.

दुसरी गडबड जास्त मजेदार आहे. घासायची मुळात गरजच नसते.

सेलोटेपच्या रिळावरून वीतभर पट्टी झर्रकन ओढा आणि टोक धरून लोंबकळत ठेवा. दुसरा हात जवळ नेलात की पट्टी वळून हाताकडे येते आणि सोडवता सोडवत नाही. आता तशीच दुसरी पट्टी काढून दोन्ही शेजारी धरा, त्या एकमेकींपासून लांब पळतील. इथे कुणी काही घासलं नाही, चिकटलेलं फक्त सोडवलं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या संशोधकांनी २००८ मध्ये हाच उद्योग निर्वात पेटीत केला, तर टेप उलगडताना क्ष-किरण बाहेर पडले. बोटाच्या हाडाचा फोटो निघावा इतके!

एवढा जोर येतो कुठून? दोन वेगळे पदार्थ एकमेकांना टेकतात तेव्हा एकाची इलेक्ट्रॉनवरची पकड दुसऱ्यापेक्षा सैल असते. थोडे इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. धातूंच्या बाबतीत हे नीट मोजलेलं आहे आणि त्यातून पडणारा फरक असतो फार तर एखाद-दोन व्होल्टचा, म्हणजे घड्याळातल्या सेलएवढा. यात झटका बसण्यासारखं काहीच नाही.

खरी गंमत सोडवताना होते. टेकलेल्या अवस्थेत धन आणि ऋण प्रभार एकमेकांपासून जेमतेम एका नॅनोमीटरवर असतात. आता पृष्ठभाग दूर करायला लागा. प्रभार तेवढाच, पण मधली फट वाढली, आणि फट वाढली की तो प्रभार सामावून घ्यायची त्या जोडीची क्षमता, म्हणजे धारिता, कमी होते. परातीतलं पाणी अरुंद नळीत ओतलं की पाणी तेवढंच राहूनही पातळी चढते, तसं इथे व्होल्टेज चढतं. एका नॅनोमीटरची फट एक मिलिमीटर झाली तर ती दहा लाख पट झाली, मग हिशेबाने एका व्होल्टचे दहा लाख व्होल्ट व्हायला हवेत. ही ऊर्जा पुरवतो तुमचा हात, कारण विरुद्ध प्रभार एकमेकांना खेचत असतात आणि आपण त्यांना ताकद लावून वेगळे करतो.

प्रत्यक्षात दहा लाख होत नाहीत. धातू असतील तर सुटण्याआधी शेवटपर्यंत टेकलेल्या बिंदूतून इलेक्ट्रॉन माघारी पळतात. प्लॅस्टिक, लोकर, काच यांच्यात पळायला वाटच नसते, प्रभार जिथल्या तिथे अडकून पडतो. म्हणून हे प्रयोग विद्युतरोधकांचे. त्यांच्यावरही मर्यादा आहे ती हवेची. सेंटीमीटरमागे सुमारे ३०,००० व्होल्ट झाले की हवाच फुटते आणि ठिणगी पडते. त्यावरून गणित मांडलं तर उघड्या पृष्ठभागावर टिकणारा प्रभार साठेक हजार अणूंमागे एका इलेक्ट्रॉनचा निघतो. एवढ्यावर सगळा खेळ!

घासण्याचं काम मग काय? पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी सूक्ष्म पातळीवर खडबडीतच, एकदा टेकले तर मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात. घासल्याने नवनवे ठिपके टेकतात आणि सुटतात. मदतनीस म्हणून ठीक आहे, नायक नव्हे.

प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून राहिलात तर झटका बसत नाही, उठल्यावर बसतो, तो याचमुळे. उठताना कपडे आणि खुर्ची वेगळे होतात आणि अंगाचं व्होल्टेज सहज १०,००० पर्यंत जातं. दाराच्या लोखंडी कडीपासून बोट तीनेक मिलिमीटरवर आलं की ठिणगी. त्यात सहा लाख कोटी इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातात, तरी ऊर्जा किती? शंभर ग्रॅमचं वजन अर्धा सेंटीमीटर उचलण्याइतकी. माणसाला ती निरुपद्रवी, पेट्रोलच्या वाफेला मात्र पेटायला पुरेशी. गाडीतून उतरताना सीटवरून उठण्याआधीच दाराचा उघडा धातू धरा आणि पाय जमिनीला टेकेपर्यंत सोडू नका, झटका टळेल.

आता ते उपाय. अनवाणी गवतावर चाललं की प्रभार जातो हे खरं, पण तो पाण्याच्या लोखंडी नळाला हात लावूनही क्षणात जातो, आणि मुळात त्याने कुठला आजार होत नाही. तांब्याचं कडं अंगावरच असतं, त्याचा जमिनीशी संबंध काय? आणि हजारो रुपयांची ‘अर्थिंग’ची, म्हणजे तारेने जमिनीला जोडायची, चादर विकणाऱ्याला जरूर विचारा, जे काम नळ फुकटात करतो त्याला एवढा खर्च कशाला? मुंबईकरांना तर पावसाळ्यात तेवढाही खर्च नको. दमट हवा स्वतः वीज वाहून नेते असं नाही, पण तिच्यामुळे प्रत्येक वस्तूवर पाण्याचा पातळ थर बसतो आणि त्यातून प्रभार गळून जातो. शाळेतला कांडीचा प्रयोग जुलैत फसतो, त्यात बाईंची चूक नसते.

टेकणं आणि सुटणं इतकं साधं असेल तर कोण धन होणार, कोण ऋण, हे तरी पक्कं सांगता यावं. स्वीडिश शास्त्रज्ञ योहान विल्केने १७५७ मध्ये पदार्थांची पहिली क्रमवारी लावली, पण तेव्हापासून निरनिराळ्या याद्या एकमेकींशी पुरत्या जुळत नाहीत. २०११ मध्ये दिसलं की ‘ऋण’ झालेल्या पृष्ठभागावरही धन आणि ऋण ठिपक्यांची गोधडी असते, आपण मोजतो ती नुसती गोळाबेरीज. २०२५ मध्ये ऑस्ट्रियातल्या संशोधकांनी एकाच सिलिकोनचे अगदी सारखे तुकडे एकमेकांना पुन्हापुन्हा टेकवले. सुरुवातीला निकाल कसेही येत होते. मग त्यांची आपोआप क्रमवारी लागली: जो तुकडा आधी जास्त वेळा टेकून आला, तो कमी टेकलेल्यापुढे ऋण. टेकून टेकून अतिसूक्ष्म उंचवटे थोडे गुळगुळीत होतात, एवढाच बदल त्यांना पृष्ठभागावर सापडला. तेवढ्याने इलेक्ट्रॉन किंवा आयन (प्रभार असलेले अणू) कुठल्या बाजूला जाणार हे का ठरावं, याचा पत्ता अजून लागलेला नाही.