निरभ्र आकाश, तरीही विमान माघारी

आकाश निळेशार आहे, ऊन लख्ख पडले आहे, पावसाचा मागमूस नाही, आणि तरीही ‘खराब हवामानामुळे’ विमान रद्द झाल्याची घोषणा होते, तेव्हा प्रवाशांना ती सरळसरळ थाप वाटते. या संशयाच्या मुळाशी एक गैरसमज आहे. हवामान म्हणजे ढग, पाऊस आणि धुके, म्हणजेच डोळ्यांना दिसते तेवढे, असे आपण धरून चालतो. विमानाच्या दृष्टीने मात्र हवामानाचा सर्वांत धोकादायक भाग पुष्कळदा पूर्णपणे पारदर्शक असतो. सेंट हेलेना बेटावरचा विमानतळ हे त्याचे अतिशय बोलके उदाहरण आहे.

नेपोलियनला १८१५ मध्ये ज्या बेटावर नजरकैदेत ठेवले आणि १८२१ मध्ये जिथे त्याचा मृत्यू झाला, तेच हे दक्षिण अटलांटिक महासागरातील ब्रिटिश बेट. आफ्रिकेचा किनारा इथून सुमारे १,९०० किलोमीटर दूर आहे, आणि सर्वांत जवळची दुसरी धावपट्टी असेन्शन बेटावर, सुमारे १,३०० किलोमीटरवर आहे. केपटाऊनहून जहाजाने यायला पाच रात्री लागत. म्हणून सुमारे २८.५ कोटी पौंड खर्च करून बेटाच्या पूर्व बाजूच्या उंच सपाटीवर, समुद्रापासून सुमारे ३१० मीटर उंचीवर, विमानतळ बांधला गेला. एप्रिल २०१६ मध्ये चाचणीसाठी आलेल्या बोइंग ७३७ विमानाला उतरताना वाऱ्याच्या अचानक बदलांचा, म्हणजे ‘विंड शिअर’चा, असा काही अनुभव आला की मे महिन्यात ठरलेला आरंभ पुढे ढकलावा लागला. वृत्तपत्रांनी लगेच ‘जगातला सर्वांत निरुपयोगी विमानतळ’ असे बिरुद त्याला चिकटवले. ते अन्यायाचे होते, कारण प्रश्न विमानतळाच्या उपयोगाचा नव्हता, तिथला वारा समजून घेण्याचा होता.

विमानतळाचे हवामान वैमानिकाला दोन छोट्या सांकेतिक संदेशांतून कळते. ‘मेटार’ हा आत्ताच्या स्थितीचा अहवाल असतो, तर ‘टाफ’ हा पुढच्या काही तासांचा, विमानतळाभोवतीच्या साधारण आठ किलोमीटरच्या परिसरापुरता अंदाज असतो. मेटारमध्ये १५०२० असा गट दिसला, तर वारा १५० अंशांकडून, म्हणजे आग्नेय आणि दक्षिण यांच्या मधून, २० नॉट म्हणजे ताशी ३७ किलोमीटर वेगाने वाहतो आहे असे समजायचे. पुढे १९/१६ असे लिहिलेले असेल, तर तापमान १९ अंश आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे पाणी होऊ लागते तो, १६ अंश. वर चढणारी हवा थंड होत जाते, त्यामुळे या दोन आकड्यांतल्या प्रत्येक अंशाच्या फरकामागे ढगाचा तळ साधारण १२५ मीटर उंचावर असतो. तीन अंश म्हणजे सुमारे ३७५ मीटर. फरक एका अंशावर आला की ढग धावपट्टीच्या डोक्यावर आलाच म्हणायचा. वाऱ्याचा आकडा मात्र जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा आणि दहा मिनिटांच्या सरासरीचा असतो. सेंट हेलेनाची खरी अडचण या सरासरीत मावत नाही.

इथे आग्नेय व्यापारी वारे जवळजवळ वर्षभर वाहतात. मोकळ्या समुद्रावरून संथ थरांनी येणाऱ्या या हवेसमोर एकाएकी शेकडो मीटर उंचीचा उभा कडा येतो. खडकात शिरता येत नाही आणि मागून येणारी हवा थांबू देत नाही, म्हणून ती कड्याच्या अंगाने वर उसळते. माथ्यावर जमीन काटकोनात वळते, पण वेगात असलेल्या हवेला तितक्या चटकन वळता येत नाही. ती सपाटीला न टेकता वरूनच पुढे निघून जाते. खाली उरलेल्या भागात हवा जवळपास स्तब्ध असते किंवा उलट्या दिशेने गिरक्या घेत राहते. जुलै १८३६ मध्ये ‘बीगल’ जहाजावरून या बेटावर आलेला चार्ल्स डार्विन अशाच एका कड्याच्या टोकाशी उभा होता. अवघ्या काही यार्डांवर सुरय पक्षी सोसाट्याच्या वाऱ्याशी झुंजत होते, आणि तो उभा होता तिथे हवा अगदी शांत होती. त्याने कड्याबाहेर हात लांब केला, तेव्हा वाऱ्याचा सगळा जोर हाताला जाणवला. शांत हवा आणि तो झोत यांच्यामधली अदृश्य भिंत त्याच्या अंदाजाने दोन यार्डांची होती.

आता विमान अशी सीमा ओलांडते तेव्हा काय होते ते पाहू. पंखांना मिळणारी उचल विमानाच्या हवेशी असलेल्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. समजा, हा वेग १३० नॉट आहे आणि त्यातले २० नॉट समोरच्या वाऱ्याचे आहेत. समोरचा वारा एकाएकी ५ नॉटवर आला, तर जडत्वामुळे विमानाचा जमिनीशी असलेला वेग त्या क्षणी बदलत नाही. हवेशी असलेला वेग मात्र ११५ नॉटवर येतो. ११५ भागिले १३० याचा वर्ग सुमारे ०.७८ येतो, म्हणजे उचल एका झटक्यात २२ टक्क्यांनी घटते. इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात, आणि उतरताना वैमानिकाच्या हाती तेवढेच सेकंद असतात.

कड्याच्या अंगाने अशीच वर उसळणारी हवा पावसाळ्यात नाणेघाटात ‘उलटा धबधबा’ दाखवते. ‘इथे गुरुत्वाकर्षण चालत नाही’ अशा मथळ्याखाली त्याच्या चित्रफिती फिरत असतात. गुरुत्वाकर्षण तिथेही पूर्ण जोरात चालूच असते. वर चढणाऱ्या वाऱ्याचा रेटा पाण्याच्या थेंबांच्या वजनापेक्षा जास्त भरतो, एवढेच.

मोबाइलमधल्या हवामानाच्या अंदाजात कड्याजवळच्या वाऱ्याचे हे खेळ का दिसत नाहीत, याचेही उत्तर सोपे आहे. जागतिक हवामान प्रारूपे पृथ्वीचे साधारण ९ ते १३ किलोमीटरच्या चौकटींत तुकडे पाडून गणित करतात, आणि सेंट हेलेना बेट जेमतेम १६ किलोमीटर लांब आणि ८ किलोमीटर रुंद आहे. अख्खे बेट एकदोन चौकटींत संपते. त्यात कड्याची धार कुठली उमटणार? म्हणून अशा ठिकाणी वाऱ्याची दिशा किती अंशांनी फिरली की धावपट्टीच्या कोणत्या टोकाशी हवा खवळते, हे जाणणारा स्थानिक अंदाजकार लागतोच.

टाफमधला ‘टेम्पो’ हा शब्दही असाच नीट वाचावा लागतो. सांगितलेला बदल दर वेळी एका तासापेक्षा कमी टिकेल आणि एकूण मुदतीच्या निम्म्याहून कमी काळ राहील, असा त्याचा अर्थ. ‘प्रॉब ३०’ म्हणजे तशी शक्यता ३० टक्के. पुण्यावर घिरट्या घालणाऱ्या वैमानिकाला ही ३० टक्के शक्यता फारशी छळत नाही, कारण मुंबई काही मिनिटांवर असते. सेंट हेलेनाला निघालेल्या वैमानिकाला मात्र तिच्यासाठी परत आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत पुरेल इतके इंधन सोबत न्यावे लागते. १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून नियमित सेवा सुरू झाली, तेव्हा सुमारे शंभर आसनांच्या एम्ब्रेअर १९० विमानात जास्तीत जास्त ७६ प्रवासी घेण्याचे ठरले होते. उरलेल्या आसनांचे वजन इंधनासाठी राखून ठेवलेले होते.