क्लोरोफ्लुरोकार्बन शेवटी जातात कुठे?

पर्यावरणाविषयी विचारता येण्याजोगे प्रश्न असंख्य असतात. संशोधकाच्या हाती मात्र मोजकी वर्षे, मोजका निधी आणि एखाद्या विषयातले कसब असते. म्हणून सर्वांत भयावह वाटणारा प्रश्नच तो निवडतो असे नाही. १९७३ साली तरुण रसायनशास्त्रज्ञ मारिओ मोलिना कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील प्रयोगशाळेत दाखल झाले, तेव्हा तेथील रसायनशास्त्रज्ञ शेरवुड रोलंड यांनी त्यांच्यापुढे काही विषय ठेवले. मोलिना यांनी त्यांतून निवडलेला प्रश्न साधा होता : शीतकपाटांत आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन (क्लोरिन, फ्लोरिन आणि कार्बन यांची संयुगे) हवेत सुटल्यावर त्यांचे पुढे काय होते? दोघांपैकी कोणीही वातावरणाचा अभ्यासक नव्हता. परंतु क्लोरिनसारख्या अणूंच्या रसायनात रोलंड मुरलेले होते.

हा प्रश्न विचारणे शक्य झाले ते एका उपकरणामुळे. ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक यांनी स्वतः बनवलेला, अत्यल्प प्रमाण टिपणारा शोधक घेऊन १९७१-७२ मध्ये ‘शॅकल्टन’ जहाजातून अटलांटिकवर प्रवास केला आणि भर समुद्रावरील हवेतही ही द्रव्ये त्यांना सापडली. गंमत अशी, की त्यांच्यापासून काही धोका संभवत नाही, असे खुद्द लव्हलॉक यांचे मत होते. रोलंड यांना खटकले ते वेगळेच : हवेतला साठा तोवरच्या एकूण उत्पादनाच्या जवळपास भरत होता, म्हणजे ही द्रव्ये कोठेही नष्ट होत नव्हती.

ती पावसात विरघळत नाहीत, तेव्हा उंचावर स्थितांबरात (वातावरणाच्या वरच्या एका थरात) पोहोचून अतिनील किरणांनीच त्यांचे विघटन होणार, हे उत्तर लवकर मिळाले. काम येथेच संपवता आले असते. पण त्या विघटनातून सुटलेल्या क्लोरिनचे काय, असे दोघांनी विचारले, आणि एकेक अणू सूर्याचे अतिनील किरण अडवणाऱ्या ओझोनचे सुमारे एक लाख रेणू मोडू शकतो, असे दिसून आले. जून १९७४ मध्ये हे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. ही दुसरी निवड मला अधिक मोलाची वाटते. रोलंड यांच्या यादीत ती नव्हती.

कमी कौतुकाची एक निवड अंटार्क्टिकातील हॅली तळावर होत राहिली : १९५० च्या दशकापासून ओझोनचे तेच ते मोजमाप न थांबवण्याची. त्यातूनच जोसेफ फार्मन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये तेथील वसंत ऋतूतली मोठी घट जाहीर केली. एवढी घट, तीही दक्षिण ध्रुवावर, आधीच्या सिद्धांतातून निघत नव्हती. ती तेथेच का, हा प्रश्न घेऊन पुढच्याच वर्षी रसायनशास्त्रज्ञ सुझन सॉलोमन यांची तुकडी अंटार्क्टिकातीलच मॅकमर्डो तळावर गेली.