मुंबईत सरकार मालक कसे झाले

मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय पंडित नेहरूंनी १६ जानेवारी १९५६ रोजी आकाशवाणीवरून जाहीर केला आणि शहरात संतापाचा भडका उडाला. त्याच आठवड्यात, १९ तारखेला, अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख आकाशवाणीवर बोलले ते आयुर्विम्याबद्दल: खासगी विमा कंपन्यांचा कारभार सरकार हाती घेत होते. मुंबईच्या प्रश्नावर त्याच वर्षी देशमुखांनी मंत्रिपद सोडले, हे मराठी माणसाला पाठ आहे. मुंबईतच मुख्यालय असलेली एलआयसी मात्र आपण त्यांच्या नावाशी सहसा जोडत नाही.

हा निर्णय निव्वळ समाजवादाच्या पोथीतून आला, असे म्हणणे देशमुखांवर अन्याय करणारे आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर असलेला हा माणूस हिशेबाचा होता, आणि हिशेब वाईट होता. आधीच्या दशकभरात २५ विमा कंपन्या बुडाल्या होत्या आणि आणखी २५ कंपन्यांचा व्यवसाय पॉलिसीधारकांना तोटा सोसायला लावून दुसऱ्यांकडे सोपवावा लागला होता. उद्योगपती रामकृष्ण दालमियांच्या भारत इन्शुरन्समधल्या पैशाचा गैरवापर काँग्रेसचेच खासदार फिरोज गांधींनी लोकसभेत मांडला होता. कमावता माणूस गेल्यावर घराला आधार देणारा हा पैसा. तो मालकाच्या सट्ट्यात जात असेल तर सरकारने गप्प बसायचे का? १ सप्टेंबर १९५६ रोजी २४५ विमा संस्था एकत्र होऊन एलआयसी उभी राहिली. १८७४ पासून मुंबईत पाय रोवून असलेली ओरिएंटलही त्यात सामावली गेली.

मालक बदलला म्हणून लोभ संपला नाही. वर्षभरातच एलआयसीने उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या अडचणीतल्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर घेतले. पुन्हा फिरोज गांधीच उभे राहिले. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांनी मुंबईत उघड सुनावणी घेतली, ऐकायला लोकांची गर्दी उसळली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना जावे लागले. सरकारी मालकीचे खरे मोल मला इथे दिसते. चूक झाली, पण ती संसदेत विचारता आली आणि काही महिन्यांत मंत्र्याला जबाबदार धरता आले. खासगी कंपनीच्या बुडालेल्या पॉलिसीधारकाला हा दरवाजाच नव्हता.

सरकारी उद्योग म्हटले की बोट नेहरूंकडे जाते. पण १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’वर जे. आर. डी. टाटा, घनश्यामदास बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा आठ जणांची नावे होती. पंधरा वर्षांत १०,००० कोटी रुपये गुंतवण्याची ही योजना. मूलभूत उद्योगांना प्राधान्य आणि अर्थव्यवस्थेवर सरकारचे नियंत्रण या दोन्ही गोष्टी या उद्योगपतींनी त्यात मान्य केल्या होत्या. पोलाद किंवा अवजड यंत्रे यांत पैसा प्रचंड अडकतो आणि परतावा उशिरा मिळतो, हे त्यांना नेमके कळत होते. ३० एप्रिल १९५६ च्या औद्योगिक धोरणाने १७ उद्योगांची पुढची जबाबदारी सरकारवर टाकली.

तेलाची कथा वेगळी. मुंबईतल्या माहुलला पन्नाशीच्या दशकात उभ्या राहिलेल्या दोन्ही रिफायनऱ्या परदेशी कंपन्यांच्या. १९६० मध्ये भारताला सोव्हिएत रशियाचे स्वस्त कच्चे तेल मिळत होते, तेव्हा या कंपन्यांनी ते शुद्ध करायला नकार दिला. आपल्याच किनाऱ्यावरच्या कारखान्यात काय शिजावे हे लंडन-न्यूयॉर्कहून ठरत होते. १९७४ मध्ये एस्सोची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, १९७६ मध्ये बर्मा-शेल सरकारने घेतली आणि तिची भारत पेट्रोलियम झाली. १९७४ मध्येच सरकारी तेल कंपनी ओएनजीसीच्या ‘सागर सम्राट’ या खोदकाम जहाजाला मुंबईजवळच्या समुद्रात, बॉम्बे हायमध्ये तेल लागले होते, मे १९७६ पासून ते मिळू लागले.

बँकांचा इतिहास अनेकांना ठाऊक आहे. १९ जुलै १९६९ रोजी ताब्यात घेतलेल्या १४ बँकांपैकी सेंट्रल बँक, बँक ऑफ इंडिया, युनियन बँक, देना बँक या मुंबईच्याच. तेव्हा देशात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या ५९ हजारांच्या पुढे गेल्या. थकीत कर्जे आणि राजकीय हस्तक्षेप हे दोष खरेच, पण खेड्यापर्यंत शाखा नेण्याचे काम आधीच्या मालकांनी केले नव्हते.

२४ जुलै १९९१ च्या धोरणाने सरकारसाठी राखीव उद्योग १७ वरून ८ वर आणले आणि विक्री सुरू झाली. परदेशी दूरध्वनी सेवा देणारे विदेश संचार निगम २००२ मध्ये टाटांकडे गेले, एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये. १९५३ मध्ये ती टाटांकडूनच घेतली होती. एलआयसीचे साडेतीन टक्के शेअर मे २०२२ मध्ये बाजारात आले. सप्टेंबर २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक गोष्ट बजावली होती: हिंदुस्तान आणि भारत पेट्रोलियम संसदेच्या कायद्याने घेतल्या आहेत, संसदेला विचारल्याशिवाय त्या विकता येणार नाहीत. मला हे फार मोलाचे वाटते. घेताना लोकप्रतिनिधींसमोर कारण द्यावे लागले, मग विकतानाही द्यायला हवे. पुढे २०१८ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियममधला सरकारी हिस्सा ओएनजीसीने ३६,९१५ कोटींना घेतला. एका सरकारी कंपनीच्या पैशाने तिजोरी भरली, एवढाच त्याचा अर्थ. भारत पेट्रोलियमची विक्री २०२२ मध्ये बारगळली.

गिरणगावात मात्र असे कारण कधी धड सांगितलेच गेले नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर, १९८३ मध्ये मुंबईतल्या १३ गिरण्यांचे व्यवस्थापन केंद्राने ताब्यात घेतले. मालकांनी वर्षानुवर्षे नफा काढला, यंत्रे जुनी ठेवली, आणि आजारी गिरण्या सरकारच्या गळ्यात पडल्या. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे, म्हणजे एनटीसीकडे, मुंबईत २५ गिरण्या जमल्या. विमा आणि तेल घेताना पुढे काय करायचे ते ठरले होते. गिरण्या घेताना नोकऱ्या वाचवायच्या एवढेच ठरले, नवी यंत्रे आणि बाजारपेठ यांकडे लक्ष गेले नाही. शेवटी किंमत उरली ती जमिनीला. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीतला एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागांना आणि घरांना मिळायचा होता. २००१ च्या बदलाने तो फक्त रिकाम्या जागेपुरता उरला. २००५ मध्ये एनटीसीने लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची जमीन ७०२ कोटींना आणि दादरच्या कोहिनूर मिल क्रमांक ३ ची ४२१ कोटींना विकली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहारांचा मार्ग मोकळा केला.

टाटा मिल, पोदार अशा उरलेल्या गिरण्या मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या त्या थांबल्याच. त्यांच्या कामगारांना नंतर पगारासाठी रस्त्यावर यावे लागले, आणि समोर मालक म्हणून होते केंद्र सरकार.