लहान मुलांच्या त्वचेची छोटी सर्जरी आणि सिडेशन

तीळ काढणं, मोलस्कमचे (विषाणूमुळे त्वचेवर येणारे) दाणे खरवडणं, बायोप्सी (तपासणीसाठी त्वचेचा छोटा तुकडा काढणं), लेसर अशी कामं करताना मूल शांत राहावं म्हणून औषधाने आणलेली गुंगी म्हणजे सिडेशन. ती प्रत्येक मुलाला लागतेच असं अजिबात नाही. लिग्नोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं क्रीम लावून वर चिकट पट्टी मारून तासभर ठेवलं, आईच्या मांडीवर बसवून मोबाईलवर कार्टून लावलं की चार दाणे बरेचदा गुंगीशिवायच निघतात.

गुंगी हलकी, मध्यम, खोल अशी असते पण मधल्या रेषा पुसट, हलकी म्हणून दिलेली कधी खोल जाईल ते आधी सांगता येत नाही. लहान मुलांची जीभ तोंडाच्या मानाने मोठी, श्वासनलिका अरुंद आणि अंग ऑक्सिजन भराभर वापरतं, त्यामुळे श्वास अडला की सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, मोठ्यांपेक्षा खूप लवकर कोसळतं. म्हणूनच सर्जरी करणारा डॉक्टर वेगळा आणि फक्त मुलाच्या श्वासावर लक्ष ठेवणारा वेगळा, हे हवंच हवं. बोटाला लावून ते मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचा आकडा उशिरा पडतो, छाती हलायची त्याआधीच थांबलेली असते. मुंबईत परळच्या वाडियासारख्या खास मुलांच्या हॉस्पिटलात न जाता घराजवळच्या स्किन क्लिनिकमध्ये करणार असाल तर भूलतज्ज्ञ, ऑक्सिजन आणि मुलांच्या मापाचा मास्क आहे का, हे बिनधास्त विचारा.

गुंगीचं तोंडाने द्यायचं औषध मिडाझोलाम साधारण किलोला ०.५ मिलिग्रॅम, पण त्याने भीती जाते, दुखणं नाही, तेव्हा जागा बधिर करावीच लागते. केटामिन या दुसऱ्या गुंगीच्या औषधाने दुखणंही कमी होतं. डोस वजनावर ठरतो, त्यामुळे वजन त्याच दिवशी काट्यावर करायचं, आणि औषध घरून पाजून आणायचं नाही.

उपाशीपोटाचा हिशोब: पाणी २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४, वरचं दूध आणि हलकं खाणं ६ तास. सगळं इथेच बिघडतं. पोर सकाळी रडतं म्हणून आजी मायेने दुधात बुडवून बिस्किट भरवते आणि कुणी डॉक्टरांना सांगतच नाही. गुंगीत उलटी झाली तर ती फुफ्फुसात जाऊ शकते. सांगून टाका, तारीख पुढे जाईल इतकंच. पावसाळ्यातल्या सर्दी-खोकल्याचंही तेच, त्यात श्वासनलिका चटकन आवळते.

मूल नीट जागं होऊन ओळखीने बोलल्याशिवाय घरी न्यायचं नाही. लोकलच्या गर्दीत नको, टॅक्सी करा आणि सोबत दोघं असा, कारण पेंगताना हनुवटी छातीवर टेकली तरी श्वास अडतो, एकाने मान सरळ धरून बसायचं.