माहितीपट पाहून माणूस बदलतो का?

२०१७ साली बीबीसीच्या ‘ब्लू प्लॅनेट २’ या मालिकेनंतर समुद्रातल्या प्लास्टिकविषयी ब्रिटनभर चर्चा सुरू झाली. पण प्रेक्षकांच्या हातातली बाटली सुटली का? हे नुसतं विचारून कळत नाही. असे माहितीपट आवडीने बघणाऱ्यांना निसर्गाची कळकळ आधीपासूनच असते. म्हणून संशोधकांनी प्रयोगच केला. एका गटाला या मालिकेचा भाग दाखवला, दुसऱ्याला भलत्याच विषयावरचा माहितीपट. कोण कुठल्या गटात जाणार, हे निव्वळ योगायोगावर सोडलं होतं. २०२० मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या गटाची माहिती वाढली होती, पण प्लास्टिकच्या बाटल्या निवडण्याचं प्रमाण काही कमी झालं नव्हतं.

अमेरिकेत ‘ॲन इन्कन्व्हिनियंट ट्रुथ’ हा हवामानबदलावरचा माहितीपट २००६ मध्ये आला. तो जिथे लागला त्या भागांत, पुढच्या दोन महिन्यांत, स्वतःच्या कार्बन उत्सर्जनाची भरपाई म्हणून स्वेच्छेने पैसे भरण्याचं प्रमाण सुमारे ५० टक्क्यांनी वाढलं. वर्षभराने त्याचा मागमूस फारसा उरला नाही.

तरीही माहितीपटांवरचा माझा विश्वास उडत नाही, तो सौराष्ट्रामुळे.

व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा, बसएवढा, आणि खातो मात्र प्लवंग, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव. गुजरातच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास त्याची राजरोस शिकार चालायची. पिंपाला बांधलेला मोठा गळ त्याच्या अंगात रोवायचा, पिंपं ओढून ओढून तो थकला की किनाऱ्याला आणायचा. यकृताचं तेल होड्यांना चोपडायला, मांस निर्यातीला. माहितीपटकार माइक पांडे यांनी हे सगळं चित्रित करून २००० साली ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’ केला. पुढच्याच वर्षी, मे २००१ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत, या माशाचा समावेश झाला. हा मान मिळालेला तो देशातला पहिला मासा.

माहितीपट पोहोचला तो कायदा करणाऱ्यांपर्यंत. जाळ्यात सापडलेला मासा सोडायचा तर कोळ्याला स्वतःचं महागडं जाळं कापावं लागतं. ते नुसता माहितीपट पाहून होत नाही. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरात वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी त्यासाठी कोळ्यांमध्ये मोहीम काढली. रामकथाकार मोरारी बापूंनी कोळ्यांना सांगितलं, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, तिला मारायचं कसं? मासा ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाला. पुढे सरकारने कापलेल्या जाळ्याची भरपाई सुरू केली. पुरावा म्हणून सुटकेचा फोटो कोळ्यांनीच काढायचा, अशी सोयही झाली, त्यामुळे अधिकाऱ्याची वाट बघत माशाला जाळ्यात अडकवून ठेवणं थांबलं. शेकडो व्हेल शार्क असे सुटले.

महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून संरक्षित समुद्री जीव सोडण्यासाठी जाळं कापणाऱ्या मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कोकणपट्टीवर एखादा माहितीपट दाखवणार असाल, तर त्याच्या शेवटी या योजनेची माहिती आणि अर्ज कुठे करायचा ते जरूर सांगा.