‘किंग लिअर’मधला पहिला खोटेपणा कुणाचा?

शेक्सपिअरचं ‘किंग लिअर’ हे नाटक म्हटलं की गोड बोलून बापाला लुबाडणाऱ्या दोन थोरल्या मुली आठवतात. पण लिअर रंगमंचावर येण्याआधीच केंट आणि ग्लॉस्टर या सरदारांच्या बोलण्यातून कळतं की राज्याची वाटणी ठरून गेली आहे, दोन्ही जावयांचे वाटे तोलूनमापून सारखे आहेत. मग राजा लिअर तिन्ही मुलींची घेतो ती ‘सर्वांत जास्त प्रेम कुणाचं?’ ही भर दरबारातली परीक्षा लटकीच ठरते. सुरुवात बापाने केलेली आहे. या परीक्षेत धाकटी कॉर्डेलिया ‘काही नाही’ एवढंच म्हणते आणि आपला वाटा गमावते.

गोष्ट शेक्सपिअरची नाही. जेफ्री ऑफ मॉनमथने साधारण 1136च्या सुमारास लिहिलेल्या ब्रिटनच्या राजांच्या लॅटिन इतिहासात ती येते. तिचं मूळ रूप मात्र लोककथेचं: ‘बाबा, तुम्ही मला मिठाइतके आवडता’ म्हणून घराबाहेर काढलेली मुलगी आपल्याकडेही ओळखीची आहे. जेफ्रीकडे धाकटी फ्रान्सहून सैन्य आणून बापाला गादी परत मिळवून देते.

1594 साली लंडनच्या रोझ नाट्यगृहात झालेलं आणि 1605 साली छापलेलं याच नावाचं एक निनावी नाटक शेक्सपिअरच्या समोर होतं. त्यात प्रेमाची परीक्षा हा उघड सापळा आहे. धाकटी ‘माझं प्रेम सर्वांत जास्त’ म्हणाली, की ‘मग सिद्ध कर आणि मी सांगतो त्याच्याशी लग्न कर’ असं तिला अडकवायचं. हा बेत एक दरबारी थोरल्या दोघींना आधीच फोडतो, म्हणून त्यांची उत्तरं तयार असतात. शेक्सपिअरने हा बेत काढून टाकला. कारण गेलं, परीक्षा उरली. लिअरचं वागणं म्हणूनच इतकं अनाकलनीय वाटतं.

याच सुमारास एक खरं प्रकरण घडलं होतं. 1603 साली ब्रायन ॲनस्ली या वृद्ध दरबाऱ्याला वेडा ठरवून त्याची मालमत्ता ताब्यात घेण्याचा प्रयत्न थोरल्या मुलीच्या बाजूने झाला. धाकटीने राजाचा मंत्री रॉबर्ट सेसिल याला पत्र लिहून विरोध केला. तिचं नाव कॉर्डेल! शेक्सपिअरला हे ठाऊक होतं याचा पुरावा नाही, पण योगायोग मोठा आहे.

ग्लॉस्टरचं उपकथानक फिलिप सिडनीच्या 1590 साली छापलेल्या ‘आर्केडिया’तून आलं: अनौरस मुलाच्या नादी लागून आंधळा झालेला राजा आणि त्याला हाताला धरून नेणारा चांगला मुलगा. फसवणुकीची कारागिरी पाहायची ती इथे. ग्लॉस्टरचा अनौरस मुलगा एडमंड भावाच्या, एडगरच्या, नावाने खोटं पत्र तयार करतो, पण बापाच्या हाती देत नाही. बाप येताना ते घाईने लपवतो आणि विचारल्यावर म्हणतो, ‘काही नाही.’ कॉर्डेलियाचंही उत्तर हेच होतं. तिचं खरं ‘काही नाही’ बापाला खोटं वाटलं, आणि याचं खोटं ‘काही नाही’ दुसऱ्या बापाला पत्र हिसकावायला लावतं. हिसकावून घेतलेल्या गोष्टीवर माणूस पटकन विश्वास ठेवतो. पुढे एडमंड स्वतःच्याच दंडावर वार करून जखमेला साक्षीदार करतो.

एडगरही बापाला फसवतोच. कड्यावरून उडी टाकून जीव द्यायला निघालेल्या आंधळ्या ग्लॉस्टरला तो सपाट जमिनीवर उभं करून ‘हा डोव्हरचा कडा’ म्हणून सांगतो, जगण्याची इच्छा परत यावी म्हणून. पण स्वतःची ओळख इतक्या उशिरा देतो की तो आनंद बापाला सोसत नाही. ही चूक तो स्वतःच कबूल करतो.

नाटककार नाहूम टेटने 1681 साली सुखान्त करून दिलेलं रूप इंग्लिश रंगभूमीने दीडशे वर्षांहून जास्त काळ चालवलं. नट मॅक्रेडीने 1838 साली त्यातून वाट काढून मूळ शेवट आणि विदूषक परत आणले.

मराठीत शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’ने (1970) हा सांगाडा घेतला आणि यंत्रणा सोडली. गणपतराव बेलवलकर होतं नव्हतं ते मुलगा-मुलीत वाटून टाकतात, पण प्रेमाची परीक्षा घेत नाहीत. खोटं पत्र नाही, कट नाही. मुलीच्या घरी चोरीचा आळ येतो, तोही कारस्थान म्हणून नव्हे, तर पैसे सापडत नाहीत म्हणून. एडमंडसारखा खलनायक नसल्याने प्रेक्षकाला राग काढायला जागाच मिळत नाही.